एका कानाचा रस्ता

घंटी वाजली तेव्हा तो फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरला होता, कारण फुटपाथ कोणीतरी उखडून ठेवला होता आणि पुन्हा बसवायचं विसरून गेलं होतं. घंटी उजवीकडून वाजली. म्हणजे त्याला ती उजवीकडून वाजली. म्हणून तो शहाण्या माणसासारखा डावीकडे सरकला आणि थेट एका सायकलच्या पुढच्या चाकाशी जाऊन उभा राहिला. सायकलवर टपाल वाटणारी बाई होती. ती पडली नाही, तोही पडला नाही. तिच्या पिशवीतली पाकिटं तेवढी रस्त्यावर पसरली आणि त्याच्या विजारीवर चाकाचा काळा पट्टा उमटला. "काका, दोनदा घंटी वाजवली मी! बाजूला व्हायचं सोडून माझ्याच अंगावर काय येताय?" तो ओशाळला, वाकून पाकिटं गोळा करून देत राहिला, आणि ती पुटपुटत निघून गेली तरी तिथेच उभा राहिला. घंटी त्याने ऐकली होती. चांगली ऐकली होती. ती जुनी आहे, आतला स्क्रू ढिला झालाय, दुसऱ्या ठोक्याला ती जराशी खरखरते, हेसुद्धा त्याने ऐकलं होतं. ती कुठून आली एवढं सोडून सगळं ऐकलं होतं.

आणि हे कोणाच्या बाबतीत व्हावं, तर कानमास्तरांच्या. चिनी मातीच्या कपबश्यांच्या कारखान्यात त्याला एकतीस वर्षं याच नावाने ओळखत होते. खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. त्याचं काम सांगायला सोपं होतं. भट्टीतून निघालेला कप डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलायचा, उजव्या हातातल्या बोटभर लाकडी काडीने त्याच्या काठाखाली एकदा टिचकी द्यायची, आणि ऐकायचं. धड कप टिणण् करून वाजतो आणि तो सूर क्षणभर बोटांत रेंगाळतो. तडा गेलेला कप थक् म्हणतो आणि गप्प बसतो. तडा डोळ्यांना दिसत नाही, चहा ओतल्यावर दिसतो, आणि तोवर कारखान्याची अब्रू गेलेली असते. म्हणून बाद कपाचा काठ तिथल्या तिथे छोट्या हातोडीने उडवायचा, की तो चुकूनसुद्धा बाजारात जाऊ नये. मग तो मागच्या टोपलीत, आणि टोपली भरली की चक्कीत. चक्की टेबलाच्या डाव्या अंगाला, चार पावलांवर. ती दिवसभर बाद कपांचं पीठ करी. त्याला हे काम ज्यांनी शिकवलं ते गुरुजी फार कमी बोलत. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी त्याच्यापुढे बारा कप ठेवले आणि पाठ फिरवून उभे राहिले. त्याने बारापैकी तीन बाजूला काढले. गुरुजींनी न वळता विचारलं, "तिसऱ्याबद्दल खात्री आहे?" तो म्हणाला, "थोडी शंका आहे." "शंका आली की बाद," गुरुजी म्हणाले, आणि तेवढ्यावर त्याचं शिक्षण पुरं झालं. हे वाक्य त्याने इतकं मनावर घेतलं की लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेला तेव्हा हातात आलेल्या कपाला नकळत नखाने टिचकी मारली, आणि सासऱ्यांनी जपून ठेवलेल्या सहा कपांपैकी दोन बाद आहेत असं भर पाहुण्यांत जाहीर केलं. ही गोष्ट बायको अजून सांगते, आणि दर वेळी बाद कपांची संख्या एकाने वाढवते.

कान तपासणारी मुलगी त्याच्या लेकीच्या वयाची होती. तिने त्याला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर गाद्यांचे हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं; आवाज आला की दाबायचं. त्या खोलीत इतकी शांतता होती की त्याला आपल्या पापण्या मिटल्याचंही ऐकू आल्यासारखं वाटलं. उजव्या कानात बारीक बारीक सूर आले, तो बटण दाबत राहिला, आणि मनातल्या मनात फुशारला. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मुलगी विसरली बहुतेक, असं त्याला वाटलं. काचेपलीकडे पाहिलं तर ती त्याच्याकडेच पाहत होती आणि तिचं बोट खटक्यावर होतं. बाहेर आल्यावर तिने आडपडदा ठेवला नाही. "काका, डावा कान गेलाय. हळूहळू गेलाय, म्हणून कळलं नाही. परत यायचा नाही. उजवा छान आहे, तो जपा. डाव्या बाजूला मोठा आवाज असतो का काही?" चक्की, तो म्हणाला. म्हणजे त्याने बाद केलेल्या कपांनी शेवटी त्याचा कान बाद केला होता; हिशोब चोख होता. मुलीने समजावलं की आवाज कुठून येतो हे दोन कान मिळून ठरवतात. एका कानाला आवाज कळतो, दिशा कळत नाही. आणि गोंगाटातून एखादा आवाज वेगळा काढणंही दोन कानांचंच काम आहे. हे दुसरं वाक्य त्याने ऐकलं आणि सोयीस्करपणे पुढे जाऊ दिलं. "एक करा," ती म्हणाली, "रोज सकाळी एकाच रस्त्याने अर्धा तास चाला. बोलायचं नाही. प्रत्येक आवाज कोणाचा, कुठून, हे आधी मनात ठरवा, मग मान वळवून डोळ्यांनी खात्री करा. कानाला जे जमत नाही ते तुमची ओळख करेल. रस्ता ओळखीचा झाला की आवाज आपापल्या जागी जाऊन बसतात."

बायकोने हे ऐकलं आणि म्हणाली, "मी येते." ती शिंप्याच्या दुकानात कपडे लहानमोठे करून द्यायचं काम करते, आणि दिवसभर मशीन चालवताना जे बोलता येत नाही ते सगळं घरी आणते. "बोलायचं नाहीये," त्याने बजावलं. "मग तुमच्यासोबत येऊन करू काय?" "ऐक." "लग्न झाल्यापासून काय करतेय मग?" तरी ती आली. पहिल्या दिवशी त्यांची फजिती झाली. कोपऱ्यापर्यंत जाईतो ती दोनदा बोलली आणि तीनदा बोलणार होती ती तोंडावर हात ठेवून थांबली. त्याला सगळं उजवीकडून ऐकू येत होतं: पावाच्या दुकानाचं शटर, कबुतरं, मागून येणारी बस, सगळं एका बाजूला रचून ठेवल्यासारखं. डावीकडचं जग नुसतं दिसत होतं. बंद काचेमागे चालल्यासारखं. त्याला भयंकर राग आला. चार दिवस तो दात आवळून चालला. पाचव्या दिवशी एका इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी चढत होतं, आणि तो आवाज जाडा होता तो बारीक बारीक होत वर सरकत होता. टाकी भरत आली की तिचा सूर चढतो, हे त्याला ठाऊक होतं, पाणी ओतताना कोणता कप तसा वाजत नाही? पण गच्चीवर टाकी आहे हे त्याला बावीस वर्षं या रस्त्याने जाऊन माहीत नव्हतं. त्याने मान वळवली. उजवा कान पुढे आला, सूर किंचित मोठा झाला. उलट वळवली, लहान झाला. टाकी वर, डावीकडे, तिसऱ्या मजल्याच्या डोक्यावर. पाहिलं तर होती. तिथल्या तिथे त्याला एवढं हसू आलं की बायकोने खुणेनेच विचारलं, काय झालं? त्याने बोट वर केलं. तीही ऐकत उभी राहिली. टाकी भरली, पाणी सांडलं, कोणीतरी वरून ओरडलं आणि पंप बंद झाला. पंप बंद होईपर्यंत तो चालू होता हे दोघांनाही कळलं नव्हतं.

मग रस्ता उलगडत गेला. शाळेच्या मैदानातल्या लोखंडी खांबाला एक दोरी होती, ती वाऱ्याने खांबावर आपटे, आणि वारा किती आहे ते तिच्यावरून कळे. गटाराचं एक झाकण ढिलं होतं. सायकल गेली की एकदा बोले, मोटार गेली की दोनदा. भिंतीच्या कडेने चालताना स्वतःची पावलं जवळ वाजत, आणि गल्लीचं तोंड आलं की पावलं एकदम पातळ होत, म्हणजे न पाहताही तिथे भिंत संपल्याचं समजे. रस्त्याच्या शेवटी एक बाक होता. तिथे बसल्यावर बोलायची मुभा होती, आणि बायको साठवलेलं सगळं एका दमात सांगे. तिचा कान त्याच्याहून तिखट निघाला. "त्या निळ्या दारापाशी म्हातारी झाडते ना, तिच्या झाडूला एक काडी लांब आहे. ती मागून एकटी घासत येते, ऐकलीत?" त्याने ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी ऐकली. एकदा असंच बाकाकडे जाताना त्याच्या लक्षात आलं की बायको त्याच्या उजव्या हाताला चालतेय. लग्न झाल्यापासून ती डावीकडे चाले. पिशवी तिच्या डाव्या खांद्याला आणि तो उजव्या. "तू इकडे कधी आलीस?" त्याने बाकावर विचारलं. "थंडीपासून," ती म्हणाली. "तिकडून बोलले की तुम्ही हो म्हणत नव्हता. आधी वाटलं रुसलात. मग एकदा तिकडून मुद्दाम शिवी दिली, तरी काही नाही. मग म्हटलं आपणच जागा बदलावी." "मग सांगितलं का नाहीस?" "कोणाला? कानमास्तरांना? कानाबद्दल?" ती समोर पाहत होती. थंडीपासून म्हणजे सात महिने. सात महिने ही बाई गुपचूप त्याच्या चालू बाजूला येऊन बोलत होती आणि त्याने एकदाही विचारलं नव्हतं की आपल्याला सगळं इतकं नीट ऐकू कसं येतंय. आभार मानावेत असं वाटलं, पण घरात तशी सवय नव्हती. त्याने तिची पिशवी घेतली, ती रिकामीच होती, आणि घरापर्यंत वागवली.

या चालण्यात त्याला एक विचित्र गोष्ट कळली, आणि ती कळायला वयाची चौपन्न वर्षं जावी लागली याची त्याला लाज वाटली. त्याने आजवर काही ऐकलंच नव्हतं. फक्त निवडलं होतं. टिणण् की थक्, धड की बाद. आवाज कानात शिरला की दुसऱ्याच क्षणी टोपलीत जाई, या नाहीतर त्या. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाच्या खोकल्यात त्याला छातीतला बिघाड ऐकू येई, नव्या शेजाऱ्याच्या हसण्यात खोट. दुसऱ्या शहरात नोकरी करणारी लेक फोनवर "मजेत आहे" म्हणाली की हा विचारी, "आवाज असा का येतोय?" ती म्हणे, "कसा?" "असा... काहीतरी झालंय." मागच्या वर्षी ती वैतागून म्हणाली होती, "बाबा, तुम्ही मला ऐकत नाही, तपासता." त्याला ते फार लागलं होतं, आपण काळजी करतो आणि ही असं बोलते. आता झाडूच्या लांब काडीला काय धड आणि काय बाद म्हणणार? दोरी खांबावर आपटते, त्यात चूक कुठली? ती आपटते आणि आपण ऐकतो, बस. त्या रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा त्याने उजव्या कानाला लावला आणि काही विचारलं नाही. ती ऑफिसातल्या कुणाबद्दल, घरमालकिणीच्या मांजराबद्दल सांगत गेली. तिच्या मागे कुठेतरी भांडी निथळत होती, खिडकी उघडी होती, आणि बोलता बोलता ती मध्येच श्वास घ्यायला थांबे, अगदी लहानपणी पाढे म्हणताना थांबायची तशी. "बाबा, आहात ना?" तिने विचारलं. "आहे. सांग तू." "काही नाही, आज तुम्ही टोकलं नाहीत, म्हणून विचारलं," ती म्हणाली आणि आणखी वीस मिनिटं बोलली.

असं सगळं सोन्यासारखं चाललं असताना कारखान्यात मात्र एक वाईट गोष्ट घडत होती, आणि तिचा आपल्याशी काही संबंध आहे असं त्याला वाटत नव्हतं. भट्टी बिघडली होती. पूर्वी शंभरात तीन-चार कप बाद निघत, ते गेल्या सहा महिन्यांत अकरा-बारावर गेले होते. भट्टी ज्याच्या ताब्यात होती तो भट्टीवाला कानमास्तराच्याच महिन्यात कामाला लागलेला, जाडजूड, कायम घामेजलेला आणि तोंडाने फटकळ माणूस. एकतीस वर्षं दोघं दुपारचा डबा एकत्र खात आणि एकमेकांच्या खात्याला नावं ठेवत. साहेबांचं म्हणणं, वयामुळे याचा अंदाज चुकतोय, हा भट्टीचं दार लवकर उघडतो. गरम मालाला गार हवा लागते आणि तडे जातात. भट्टीवाल्याने सगळं करून पाहिलं. आच कमी केली, दार चार तास उशिरा उघडलं, मातीवाल्यांशी भांडला. बाद कप अकराच. जेवताना तो आता भांडेनासाच झाला होता. "माझाच हात गेला असेल रे," एकदा म्हणाला, "तुझ्या कानाला कसं खोटं म्हणू?" आणि त्याला पत्र मिळालं: येत्या एक तारखेपासून पॅकिंग खात्यात. भट्टीवाल्याला पॅकिंगमध्ये बसवणं म्हणजे काय ते कारखान्यात सगळ्यांना कळत होतं. कानमास्तराला फार वाईट वाटलं. त्याने त्या दिवशी आपल्या डब्यातलं अर्धं त्याला दिलं.

एके दिवशी सकाळी ते नेहमीपेक्षा उशिरा निघाले आणि शाळेच्या चौकात गर्दीत सापडले. बस उभी होती, इंजीन घरघरत होतं. बायकोने कोपराने ढोसून खांबाकडे खूण केली: आज वारा जोरात आहे, दोरी बघा कशी वाजतेय. दोरी खांबावर फटके मारत होती, ते त्याला दिसत होतं. ऐकू काही येत नव्हतं. त्याने मान वळवली, उजवी बाजू पुढे केली, कानामागे हात धरला. सगळ्याचा मिळून एक गोळा होता, त्यात बस होती, माणसं होती, दोरीही असणार, पण ती सुटी निघत नव्हती. बायकोला निघत होती. बस गेली आणि दोरी एकदम वाजायला लागली, टण्, टण्, जशी काही आताच सुरू झाली. तो फुटपाथवर उभा राहिला. गोंगाटातून एखादा आवाज वेगळा काढणं दोन कानांचं काम आहे. चक्की डाव्या अंगाला, चार पावलांवर, दिवसभर. त्या घरघरीत त्याच्या काडीखाली कप वाजे, सूर लगेच बुडे, आणि बुडाला की त्याला शंका येई. शंका आली की... त्या दिवशी कारखान्यात त्याने जे एकतीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं: बाद ठरवलेल्या पाच कपांचे काठ न फोडता ते डब्याच्या पिशवीत घालून चोरासारखे घरी आणले. दुसऱ्या दिवशी पहाट सरल्यावर, रस्ता जागा व्हायच्या आत, ओट्यावर ते ओळीने मांडले आणि काडी घेतली. पहिला टिणण् करून वाजला. दुसरा वाजला. तिसरा वाजला, आणि त्याचा सूर इतका वेळ राहिला की तो संपायची वाट पाहणं त्याला असह्य झालं. चौथाही वाजला. पाचवा थक् म्हणाला, आणि त्या एका थक्चे त्याने मनापासून आभार मानले. बायको दारात उभी होती. तिला समजावून सांगावं लागलं नाही. "म्हणजे भट्टी...?" ती म्हणाली. "भट्टी उत्तम आहे," तो म्हणाला आणि खाली बसला.

त्या दिवशीचं चालणं त्यांनी चुकवलं नाही, पण त्याला टाकी ऐकू आली नाही, झाडू ऐकू आला नाही. डोक्यात आवाज चालला होता तो हातोडीचा. सहा महिने, शंभरात सात-आठ, दिवसाला किती असतील, त्याने गणित करायचं टाळलं. धड कप. भट्टीवाल्याने रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून भाजलेले, आणि याने ठामपणे, मान ताठ ठेवून, काठ उडवून चक्कीत घातलेले. पुरावासुद्धा शिल्लक नव्हता. पुरावा दळून पुन्हा मातीत मिसळला होता. म्हणजे गप्प बसलं तर कोणालाच कधी कळणार नाही. एक तारखेला भट्टीवाला पॅकिंगमध्ये जाईल, नवा माणूस येईल, त्याच्याही हातून अकरा जातील, लोक मातीला दोष देतील, आणि निवृत्तीला सहा वर्षं आहेत तेवढी कानमास्तर म्हणून मानाने निघून जातील. हे सगळं त्याने बाकावर बसून नीट, पायरीपायरीने विचारात घेतलं, आणि हा विचार आपल्याला जमतोय याचीच त्याला भीती वाटली. बायको बोलत नव्हती, मुभा असून. "सांगितलं तर टेबल जाईल माझं," तो म्हणाला. "जाईल," ती म्हणाली. "नाव जाईल." "तेही जाईल." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी उजवीकडेच चालेन तरी." तो उठला. घरून कपांची पिशवी उचलून तसाच कारखान्यात गेला, आणि साहेबांनी खुर्ची ओढायच्या आत पाच कप त्यांच्या टेबलावर मांडले. भट्टीवाल्यालाही बोलावून घेतलं. दोघांदेखत सांगितलं: डावा कान मेलाय, चक्कीच्या आवाजात मला सूर पुरता लागत नाही, कळून दोन महिने झाले, कपांचं कळलं आज, माफ करा. साहेबांनी कप वाजवून पाहिले, त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण चार आणि एक यातला फरक कोणालाही कळला असता. "मास्तर, हे आधी..." ते म्हणाले आणि थांबले. भट्टीवाल्याने तिसरा कप उचलला, हातात फिरवून पाहिला, रुमालात गुंडाळला आणि निघून गेला.

चक्की बंद ठेवून दोन नव्या मुलींनी आठवडाभर माल वाजवला. शंभरात चार. भट्टीवाल्याचं पत्र रद्द झालं, चक्की मागच्या अंगणात हलवायचं ठरलं, आणि कानमास्तर पॅकिंगमध्ये गेला. साहेबांनी यापेक्षा जास्त शिक्षा केली नाही, आणि कोणी उघड हसलंही नाही, याचंच त्याला ओझं झालं होतं. पॅकिंगमध्ये लांब टेबल होतं, कागदांचे गठ्ठे होते आणि सहा बाया होत्या. कप कागदात गुंडाळायचा, कोपरे आत मुडपायचे, खोक्यात उभा ठेवायचा. पहिले दोन दिवस त्याची बोटं आपोआप काठाखाली टिचकी मारायला जात. मग गेली नाहीत. कागद नवा असला की कडक वाजे, दमट दिवशी मऊ. सहाही बायांचा गुंडाळायचा हात वेगळा होता आणि न पाहता त्याला कळू लागलं की कोण कुठे बसलंय. सगळ्यात जास्त बोलणारी बाई तिसऱ्या दिवशी आपणहून उठून त्याच्या उजव्या अंगाला येऊन बसली. आपल्यावर किती लोक किती लहान लहान उपकार करतात, आणि ते करताना आवाजसुद्धा होऊ देत नाहीत, असं त्याच्या मनात आलं. पण दुपारी डबा उघडला की समोरची जागा रिकामी असे. भट्टीवाला आपल्या खात्यातच जेवत होता. दिसला तर मान वळवी. बरोबरच आहे, असं तो रोज स्वतःला सांगे. भट्टीवाल्याने त्याच्या कानावर विश्वास ठेवून स्वतःच्या हातावर संशय घेतला होता, सहा महिने. हे माफ करण्यासारखं नव्हतं, आणि कानमास्तराने माफी मागितली तीही साहेबांसमोर, कोरड्या तोंडाने. रिकाम्या जागेसमोर बसून घास गिळणं दिवसेंदिवस जड होत गेलं.

सतराव्या दिवशी दुपारी भट्टीवाला पॅकिंगच्या दारात येऊन उभा राहिला. "चल," म्हणाला. कुठे, का, काही नाही. कानमास्तर त्याच्या मागोमाग निघाला. एकतीस वर्षांत तो भट्टीच्या दालनात जेमतेम दोनदा गेला असेल. आपलं काम माल गार झाल्यावर सुरू होतं, असा त्याचा तोरा होता. आत ऊब होती, विटांचा वास होता, आणि माणसं नव्हती. भट्टीवाल्याने सगळ्यांना बाहेर घालवलं होतं. त्याने दार उघडलं, चाकांवरचा मोठा गाडा ओढून बाहेर काढला. आडव्या फळ्यांवर हजारभर कप, पांढरेशुभ्र, अजून गरम. "आता ऐक," भट्टीवाला म्हणाला. "गरम माल हवेत आला की बोलतो. कपावरच्या चकचकीत लेपावर तड्याची बारीक रेघ उठते ना, तिचा आवाज. टिंग. एकदम बारीक. जेवढे टिंग तेवढा माझा हात चुकला. दर वेळी दार उघडलं की मी इथे एकटा उभा राहून ऐकतो. हे सहा महिने ऐकत होतो आणि काही येत नव्हतं, आणि तरी तुझ्या टेबलावर अकरा. मला वाटलं, माझेच कान गेले." त्याने रुमालाने मान पुसली. "मला वेड लागायची वेळ आली होती, मास्तर."

"चुकलो मी," कानमास्तर म्हणाला. या वेळी त्याचा आवाज फुटला आणि त्याने तो सावरला नाही.

"ऐक आधी," भट्टीवाला म्हणाला. "जवळ ये. कुठला कान तो? हां, तो इकडे कर."

कानमास्तर गाड्याच्या जवळ गेला आणि उजवा कान कपांकडे केला. ऊब गालाला लागली. भट्टीवाल्याचा जड श्वास ऐकू आला, लोखंडी चाक एकदा कुरकुरलं, दूर कुठेतरी कोणी बादली ठेवली. त्यानंतर काही नाही. तो ऐकत राहिला. निवडायला काही नव्हतं, धड ठरवायला नव्हतं, बाद करायला नव्हतं. नुसतं वाट पाहणं होतं आणि शेजारी एक माणूस होता. बराच वेळ गेला. मग त्याला भीती वाटली. एवढा बारीक आवाज, तो आपल्याला येत नसेल तर? कप टिंग टिंग करत असतील आणि हा उभा असेल ठोंब्यासारखा, पुन्हा एकदा चुकीचा, पुन्हा याच माणसासमोर. पूर्वीचा कानमास्तर काहीतरी ठोकून मोकळा झाला असता. त्याने भट्टीवाल्याकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते.

"मला काही ऐकू येत नाहीये," कानमास्तर म्हणाला.

"मलाही नाही," भट्टीवाला डोळे न उघडता म्हणाला, आणि त्याच्या घामेजलेल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. माल पुरता निवेपर्यंत दोघं तिथेच उभे राहिले.